चौदाशे तीनचे अठ्ठ्याण्णवशे तीन

कोल्हापुरात रविवारी सकाळी एखादा माणूस घरी सापडला नाही, तर त्याला मटणाच्या रांगेत शोधावं. हे मला आमच्या पहिल्या गाडीच्या नंबरप्लेटमुळे कळलं.

नवं शतक नुकतंच लागलं होतं. गाडी घेतली मी, पण ती चालवणार होते माझे वडील. आम्ही त्यांना आबा म्हणायचो. आबांनी तीस वर्षं रत्नागिरी मार्गावर लाल बस चालवली होती. आंबा घाटाचं वळण न् वळण त्यांना पाठ होतं. त्यांची थोरली बहीण, म्हणजे माझी आत्ती, त्याच रस्त्यावर मलकापुरात राहायची. घाट तिच्यापासून तासाभराच्या आत, पण तिनं तो कधी पाहिला नव्हता. आधी तिकडं जायचं काही काम पडलं नाही आणि पुढं गुडघे इतके दुखायला लागले की बसची पायरी चढवेना. आबा निवृत्त झाले तेव्हा ती म्हणाली होती, "साऱ्या मुलखाला घाट दावलास, भणीला तेवढा राह्यला." आबांना ते लागलं होतं. गाडी दारात आली त्याच दिवशी त्यांनी तिला फोन केला, "आक्का, रविवारी तयार ऱ्हा. घाटात जायाचं."

आत्तीनं हे अख्ख्या गल्लीत सांगून टाकलं. आता रविवार चुकवून चालणार नव्हता.

मी यादी केली. जेवणाचे डबे, पाणी, आत्तीच्या पाठीला उशी, हार, नारळ, नंबरप्लेट. शुक्रवारी पासिंग होऊन नंबर मिळाला होता: चौदाशे तीन. शनिवारी कामावर जाताना मी मंगळवार पेठेतल्या प्लेटवाल्याला नंबरची चिठ्ठी दिली आणि संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेल्या दोन प्लेटा घेऊन आले. कागद सोडून पाहिलं नाही. यादीत खूण केली आणि पुढच्या कामाला लागले.

रविवारी सकाळी सातला आबा गाडीपुढं उकिडवे बसले. जुन्या सायकलच्या ट्यूबच्या चकत्या त्यांनी रात्रीच कापून ठेवल्या होत्या. पत्रा आणि बंपर यांच्या मध्ये एकेक चकती घालून ते स्क्रू पिळत होते. "पत्रा खडखडाया लागला की नवी गाडी बी जुनी वाटती," ते मला शिकवत होते. पुढची प्लेट झाली, मागची झाली. आई हार घेऊन आली. आईला समोर येईल ते मोठ्यानं वाचायची सवय, मग ती दुकानाची पाटी असो की औषधाची बाटली. हार हातात तसाच धरून ती वाचायला लागली, "नऊ, आठ, शून्य, तीन."

"काय वाचालीस?" आबा म्हणाले. "चौदाशे तीन हाय त्यो."

"मग हितं लिवलंय त्ये कुणाच्या गाडीचं हाय?"

आबांनी चष्मा लावला. मीही वाकून पाहिलं. पांढऱ्या पत्र्यावर काळे कुळकुळीत, उठावाचे, अगदी सुबक अंक होते: 9803. आबांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मग ते हळूच खाली बसले आणि पिळलेले स्क्रू उलटे फिरवायला लागले.

शेजारचे काका कठड्यावरून सगळं बघत होते. "आवं, ऱ्हाऊ द्या की! रविवारचं कोण बघतंय? जावा बिनघोर."

"दुसऱ्याच्या नंबरावर? जमायचं न्हाय," आबा म्हणाले. "आक्काला सांगतो, पुढच्या रविवारी."

त्यांचा तो आवाज मला सहन झाला नाही. मी स्कूटर काढली.

प्लेटवाल्याचं शटर बंद होतं. तो दुकानाच्या माडीवरच राहायचा. त्याच्या बायकोनं खिडकीतून सांगितलं, "मटणाला गेल्यात." दोन गल्ल्या पलीकडं, पंधरावीस माणसांच्या रांगेत, तो पिशवी घेऊन उभा होता. मी प्लेटा त्याच्यापुढं धरल्या आणि जरा तोऱ्यातच म्हणाले, "काय हो, हा कुणाचा नंबर लिहिलात?"

"तुमचाच की. तुम्हीच लिवून दिलतं." त्यानं खिशातून माझीच चिठ्ठी काढली.

MH 09 मी इंग्रजीत लिहिलं होतं. त्याखालचे चार आकडे मात्र सवयीनं मराठीत: १४०३. मराठी शाळेत शिकले, तेव्हापासून माझ्या सगळ्या याद्यांतले आकडे मराठीच. वरची अक्षरं इंग्रजी बघून त्यानं खालचंही इंग्रजी धरलं. माझा एक त्याला नऊ दिसला, चार आठ दिसला. शून्य आणि तीन दोन्हीकडं सारखेच. चूक शंभर टक्के माझी होती.

पाठीमागचा माणूस चिठ्ठीत डोकावला. "पोरगी शिकलेली दिसतीया," तो म्हणाला आणि निम्मी रांग हसली. मग मलाही हसू आलं. मी प्लेटवाल्याला आत्तीचं सगळं सांगितलं.

"समदं खरं ताई, पर साडेसहापास्नं हुबा हाय. रांग सोडली तर आज घरात घेत न्हाईत मला."

"मी थांबते तुमच्या जागी."

त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "घ्याल बरुबर? सव्वा किलो. मांडीचं. वर दोन नळ्या मागून घ्या, न्हाय म्हणाला तर भांडा. चरबी नको."

मी पर्समधून कागद काढून लिहायला लागले.

"आन् आकडं कंच्या भाषेत लिवालायसा?" तो म्हणाला. आता अख्खी रांग हसली. पिशवी माझ्या हातात देऊन तो पळाला.

साच्यात दाबून अंक उठवायला आणि त्यावर रंग फिरवायला त्याला पाऊण तास लागला. तेवढ्यात माझा नंबर आला. नळीसाठी मी खरोखर भांडले आणि तीन मिळवल्या. प्लेटवाला नव्या प्लेटा घेऊन परत आला. त्यानं पिशवी हातात तोलली, आत पाहिलं आणि म्हणाला, "पुढच्या रविवारी मोकळ्या हायसा काय?"

घरी आबांनी नंबर कागदपत्रांशी दोनदा ताडून पाहिला, आईकडून मोठ्यानं वाचून घेतला आणि मगच स्क्रू पिळले. साडेदहाला आम्ही निघालो. मलकापुरात आत्ती दाराबाहेर खुर्ची टाकून बसली होती, भोवती गल्लीतल्या चार बायका. "किती वाट बघायची रं? ह्या बायका मला खोटी म्हणाया लागल्या," ती ओरडली. आबांनी पुढचं दार उघडून तिला आपल्या शेजारी बसवलं.

घाटात आबांनी एका वळणावर गाडी बाजूला घेतली. आत्तीनं काच खाली केली. खाली सगळं कोकण हिरवं, धुरकट पसरलं होतं. तिनं बराच वेळ पाहिलं. मग डोळे पुसून ती आबांना म्हणाली, "रोज हितनं जायाचास?"

"व्हय."

"आन् घरला येऊन म्हणायचास, लई दमलो!" तिनं त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "चल, घाट उतर खाली. समदी वळणं बघायची हायत मला."

आबांनी गिअर टाकला आणि येणाऱ्या प्रत्येक वळणाचं नाव सांगत घाट उतरायला सुरुवात केली.