मानाचा रकाना

न्हावा शेव्याच्या बंदरालगतच्या एका कचेरीत मी बावीस वर्षं मालवाहतुकीची कागदपत्रं बनवते आहे. कंटेनर कुठलाही असो, त्याचा कागद एकाच साच्यातला. नाव वर, वजन मधे, सही खाली उजवीकडे. साचा एकदा नीट बसवला की पुढची हजार पानं नीट निघतात, हे मी प्रत्येक नव्या मुलीला पहिल्याच दिवशी सांगते. म्हणून गावदेवीचं देऊळ नव्याने बांधल्यावर गावाचं पुस्तक काढायचं ठरलं, तेव्हा देवळाच्या समितीला मी लगेच हो म्हटलं.

अट एकच होती. प्रत्येक घराला एक पान, आणि सगळी पानं सारखी. गावजेवणात कुणाच्या पत्रावळीवर जास्त वाढत नाहीत, तसंच. चौसष्ट घरं, चौसष्ट पानं. मी फुलांची चौकट आखली, वर घराचा फोटो, खाली पाच रकाने: घरातली माणसं, मूळ गाव, मिठागर, नोकरी-धंदा आणि शेवटी 'पालखीतला मान'.

समितीला नमुना हवा होता. शेजारच्या वहिनींच्या घराची माहिती हाताशी होती, तेच पान भरून दाखवलं. चैत्रातल्या जत्रेत पालखीचा पुढचा दांडा पिढ्यान् पिढ्या त्यांच्या घराकडे. नमुना पसंत पडला आणि मी संगणकावर तेच भरलेलं पान त्रेसष्ट वेळा चिकटवलं. वास्तविक कोरं पान हवं होतं. त्याहून बरं म्हणजे चौकट आणि रकान्यांची नावं पानाच्या हेडरमध्ये ठेवायची; मग ती प्रत्येक पानावर आपसूक येतात. कचेरीत कुणी माझ्यासारखं केलं असतं तर मी त्याला दुपारपर्यंत सुनावलं असतं. पण घरचं काम, सवयीचा हात. एकेक पान घेऊन जुना मजकूर खोडत आणि नवा भरत गेले. तपासायला प्रत्येक घरी त्याचं पान पाठवलं आणि यादीत बरोबरची खूण केली.

दोन दिवसांनी वहिनी दारात उभ्या.

"काय गो, आमचा दांडा वाटायला काढलास व्हय?"

"कुणाला?"

"खाडीकडच्या शेवटच्या घराला. तिथल्या म्हाताऱ्या बाबांनी कागद काचेत घालून भिंतीला लावलाय. आमचे हे म्हणतात, आता पालखीपण त्यांनाच उचलू दे, आम्ही बसतो घरी."

मी संगणक उघडला. चौसष्टावं पान. फोटो बरोबर, माणसं बरोबर, आणि शेवटच्या रकान्यात वहिनींच्या घरचा मजकूर तसाच: पुढचा दांडा, उजवी बाजू. ज्या घरांना मान नाही त्यांचा रकाना मी रिकामा करत आले होते. तो तेवढा राहिला.

जत्रेला आठ दिवस होते. दांड्यावरून भांडण होऊन आमच्याकडे पालखी देवळाच्या दारातच अडून राहिलेली मी लहानपणी पाहिली आहे. पण वहिनींच्या घरची समजूत घालणं सोपं होतं. मला अवघड वाटत होता तो भिंतीवरचा कागद. त्या बाबांचे वडील दुसऱ्या गावाहून मिठागरावर कामाला आले आणि इथेच राहिले. त्या घराला जत्रेत कधीच मान नव्हता.

वाटेत मी वाक्यं ठरवली. छापणाऱ्याची चूक म्हणावं का, असंही मनात आलं. मग म्हटलं, नको. चूक माझी, सांगायचीही मीच.

बाबा ओट्यावर फावड्याला दांडा बसवत होते.

"बाबा, तुमच्या पानावर शेवटची ओळ चुकीची पडली. दुसऱ्या घरची राहिली. माझ्या हातून झालं."

त्यांनी फावडं बाजूला ठेवलं नाही. "मला ठाऊक हाय बाय. मी काय कधी दांडा धरलाय? मला वाटलं, गावानं आता द्यायचं ठरवलं असेल."

मी सवयीने वही काढली. "तुम्ही जत्रेच्या आधी काय करता?"

"काय कराचं? बांध बघतो."

पालखी देवळातून निघून मिठागराच्या बांधावरून खाडीपर्यंत जाते. भरतीने तो दर वर्षी कुठे ना कुठे खचतो. चाळीस वर्षं जत्रेच्या आदल्या आठवड्यात बाबा तो भरतात. मी स्वतः लहानपणापासून त्या बांधावरून चालत आले होते आणि तो आपोआपच सपाट असतो असं धरून चालले होते.

घरी येऊन मी दुसऱ्यांदा काम केलं, आणि या वेळी नीट. चौकट, रकाने सगळं हेडरमध्ये नेलं. मग शेवटच्या रकान्याचं नाव बदललं: 'जत्रेतलं काम'. एका ठिकाणी बदललं आणि चौसष्ट पानांवर बदललं. समितीतल्या एकाने विचारलं, मान कुठे गेला? मी म्हटलं, दांडा धरणं कामच आहे, खांदा दुखतो की नाही ते वहिनींच्या घरी विचारा. तिथेच बसलेल्या वहिनी हसल्या आणि विषय मिटला.

पण सव्वीस पानांवर तो रकाना अजून रिकामाच होता. सव्वीस घरांची यादी केली आणि दोन संध्याकाळींत फिरले. कुणी जत्रेत पाणी भरतं, कुणी पत्रावळी लावतं, एक काकी पालखी परतल्यावर देऊळ झाडते. एकही रकाना कोरा राहिला नाही.

शेवटी बाबांकडे नवं पान घेऊन गेले. त्यांनी चष्मा लावून ते सावकाश वाचलं. 'मिठागराचा बांध भरणे'.

"नुसता बांध न्हाय," ते म्हणाले. "खाडीकडची पायरी पण मीच घासतो. शेवाळ धरतं. लिव."

मी ओट्यावर बसूनच पेनाने लिहिलं. त्यांनी भिंतीवरची काच उतरवली, जुना कागद माझ्या हातात दिला आणि नव्याचं माप काचेला लावून बघितलं. अगदी तेवढंच होतं.