खो-खोवाल्या काकू

आधी चष्मा काढून टेबलावर आपटायच्या, मग विचारायच्या, "हे कुणी ठरवलं?"

देवासच्या आमच्या मराठी मंडळात हा चष्मा आपटला की बैठक लांबणार हे नक्की. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेलच. आमच्याकडे या काकू होत्या, शाळेतून निवृत्त झालेल्या खेळाच्या शिक्षिका. मी मंडळाचा सचिव. आमचं कधीच पटलं नाही.

त्या वर्षी मंडळाने आरोग्य मेळावा घ्यायचं ठरवलं. अध्यक्ष दातांचे डॉक्टर. त्यांनी आखणी सांगितली: सकाळी तरुणांचा झुंबा, मग रक्तदाबाची तपासणी, मग पाहुण्यांचं भाषण. पन्नाशीच्या पुढच्या बायकांसाठी खुर्चीत बसून टाळ्या वाजवण्याचा व्यायाम.

चष्मा आपटला. "हे कुणी ठरवलं?"

"काकू, वयाचा विचार करून..."

"कुणाच्या? एवढासा जिना चढताना धाप तर तुम्हाला लागली. बायकांना खो-खो खेळू द्या."

डॉक्टरांचा चेहरा लाल झाला. "कोणी पडलं तर जिम्मेदारी कोणाची?"

"माझी."

मी म्हणालो, "ज्यांना खो-खो पाहिजे त्यांनी हात वर करा." एकही हात वर झाला नाही. बायका आपापल्या नवऱ्यांकडे बघत होत्या. मला मनातून बरं वाटलं.

"बसा टाळ्या वाजवत," काकू म्हणाल्या आणि निघून गेल्या.

मेळाव्याच्या सकाळी झुंबा सुरू होता. तेवढ्यात मैदानाच्या दुसऱ्या टोकाला शिट्टी वाजली. काकू चुन्याने रेषा आखून उभ्या होत्या. खुर्च्यांमधून सगळ्यात आधी जी उठली, ती माझी बायको. तिने पदर खोचला आणि चालायला लागली. तिच्या मागून बाकीच्या निघाल्या. डॉक्टर माझ्यावर खेकसले, "भिया, घरच्यांना तरी आवरा!"

बायको पळत होती, ओरडत होती, मोठ्याने हसत होती. हे हसणं मी विसरून गेलो होतो. वळताना तिचा पाय घसरला आणि ती मनगटावर पडली.

डॉक्टरांनी माइक उचलला. "एका बाईच्या हट्टापायी आमच्या भगिनीचा हात मोडला!" सगळ्या मैदानाने ऐकलं. मी गर्दीतून पोहोचेपर्यंत काकू तिला रिक्षात घालून गेल्याही होत्या.

दवाखान्यात मी काकूंवर तुटून पडलो. "तुमच्यामुळे झालं हे!"

"हो. माझ्यामुळे," त्या म्हणाल्या. बस, एवढंच.

प्लास्टर घातलेली बायको पलंगावरून म्हणाली, "अहो, ओरडू नका. काकू, मी बाद नव्हते ना?"

"नाही. हात लागायच्या आधीच पडलीस."

दोघी हसल्या. माझा राग आणखी वाढला.

मंडळाने काकूंना काढलं. ठराव मीच वाचून दाखवला. त्या आल्याच नव्हत्या. पुढे धारला भावाकडे राहायला गेल्या असं कळलं. बैठका आता वेळेवर संपतात. बायको मात्र मंडळात पाऊल ठेवत नाही.

गेल्या हिवाळ्यात एका लग्नासाठी आम्ही धारला गेलो. सकाळीच बायकोने मला तिथल्या मैदानावर नेलं. काकू होत्या, आणि त्यांच्यासमोर एका रांगेत, एकीआड एक उलट तोंड करून बसलेल्या आठ-दहा बायका, काही माझ्या आईच्या वयाच्या. काकूंनी बायकोचं मनगट हातात घेऊन फिरवून पाहिलं. मी नमस्कार केला.

"बाजूला व्हा. मध्ये उभे आहात," त्या म्हणाल्या.

बायकोने चपला काढून माझ्या हातात दिल्या आणि पळाली. मी बाजूला झालो.