खिळ्यावरचा कागद

माहेरी गंगावेशीजवळच्या बोळात ब्लाउज शिवणाऱ्या एक मावशी होत्या. सत्तर-बहात्तर सालची गोष्ट. त्यांचं नाव मी कधी विचारलंच नाही. प्रत्येक बाईच्या मापाचा कागद त्या जुन्या वर्तमानपत्रातून कापायच्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला अडकवायच्या. माझ्या पाठीच्या तुकड्यावर सिनेमाची जाहिरात आली होती. टेप गळ्यात नुसती लोंबायची. कागद कापण्याआधी बाईच्या दोन्ही खांद्यांवर हात ठेवून त्या घटकाभर डोळे मिटायच्या.

लग्न ठरल्यावर त्यांनी माझा कागद काढून हातात दिला.

"पुण्याचा शिंपी तुला वळखत न्हाय, पोरी. ह्यो दाखव की त्येला."

सासरी उलगडून पाहिला, तर एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली कापलेला. म्हातारीची नजर गेली, असं म्हणत मी शहाणीनं तो बंबात घातला.

त्यानंतर माझा एकही ब्लाउज उजव्या खांद्यावर टिकला नाही. सारखी ओढून वर घ्यायची. दहा-बारा वर्षांनी एका शिंप्यानं टेप खाली ठेवून विचारलं, "बाई, तुमचा उजवा खांदा मुळातच उतरता आहे. आजवर कुणी सांगितलं नाही?"

सांगितलं होतं. कागदावर कापून हातात दिलं होतं.