बकुळाची कात्री

बकुळा माझ्या केसांना हात लावायची आणि मला वाटायचं, नाटक आता सुरू झालं. पडदा उघडायला अजून अवकाश असायचा, तरी.

मी उभा जन्म रंगमंचावर काढला, पण प्रयोगाआधी माझे पाय लटपटायचे ते लटपटायचेच. तोंडाला कोरड पडायची, पहिलं वाक्य आठवेनासं व्हायचं. अशा वेळी मला आरशासमोर बसवून बकुळा टोप चढवायची, पिना खोचायची आणि एका सुरात म्हणायची, "मान वर. डोळे मीट. अजून दुसरी घंटा व्हायचीय." नाटकाच्या तीन घंटा होतात आणि तिसरीला पडदा उघडतो. दुसरी बहुतेक वेळा होऊन गेलेली असायची, मी ती माझ्या कानांनी ऐकलेली असायची. तरी मी डोळे मिटायचे. तिच्या बोटांपुढे घंटा खोटी वाटायची.

ही बकुळा उल्हासनगरच्या कॅम्प चारमधली. वडील अंबरनाथला काड्यापेट्यांच्या कारखान्यात कामाला होते. वस्तीतल्या भीमजयंतीच्या नाटकासाठी ती पोरींच्या वेण्या घालत होती, तिथे आमच्या कंपनीच्या मॅनेजरनं तिला हेरलं. अंबाडे, खोपे, गंगावनं, दाढीमिशा, सगळं ती सांभाळायची. टोपांवर तर तिची माया होती. प्रयोग संपला की घामानं आणि गोंदानं लडबडलेला टोप ती रिठ्याच्या पाण्यात भिजत घालायची आणि ओला असतानाच टोकाकडून वर विंचरत न्यायची. कात्री तिच्या पेटीत नव्हतीच. एकदा एका नव्या नटानं कपाळावर येतात म्हणून टोपाच्या चार बटा कापल्या. बकुळा त्याच्याशी महिनाभर बोलली नाही. "माणसाचे केस वाढतात ताई," ती मला म्हणाली, "कापलेला टोप वाढत नाही."

पुढे कंपनी बंद पडली. मी अंबरनाथला दोन खोल्या घेऊन राहिले, बकुळा कॅम्प चारमधल्या एका ब्युटी पार्लरमध्ये लागली. तिथे एक दिवस एक गिऱ्हाईक बाई काखेत पांढरं कुत्रं घेऊन आली. त्याच्या अंगभर कुसळं. "मेरा बाद में करना, पहले इसका कुछ करो ना," म्हणाली. बकुळानं त्या कुत्र्याला मांडीवर घेतलं, आणि पार्लरवाली ओरडेपर्यंत खाली ठेवलं नाही.

तिथून तिचा धंदा सुरू झाला. पिशवीत कंगवे, रिठे, जुने टॉवेल. कॅम्प एकमधल्या सिंधी व्यापाऱ्यांची घरं, बदलापूरचे नवे बंगले, अंबरनाथच्या दोनतीन डॉक्टरीणबाया. कुत्र्यांनाही ती तेच सांगायची, "मान वर. डोळे मीट." आणि कुत्री खरोखरच मिटायची! मी पाहिलंय.

पैशांवरून मात्र दर वेळी जुगलबंदी. परसराम सेठ नावाचे एक जीन्स शिवणारे कारखानदार होते. त्यांच्या घरी बिट्टू नावाचा ल्हासा जातीचा कुत्रा, केस जमिनीला टेकणारे. सेठ म्हणायचे, "कुत्ते की आंघोळ के दो सौ? इतने में तो मेरी भी कंघी कर दे."

"करते की, सेठ," बकुळा त्यांच्या तुळतुळीत डोक्याकडे बघत म्हणायची, "कंगवा कुठून सुरू करू तेवढं सांगा."

सेठाणी लाजवंतीबाई खो खो हसायच्या आणि दोनशे काढून द्यायच्या. कारण कल्याणच्या एका दुकानात त्यांच्या बहिणीच्या कुत्र्याला मशीन लावून पार उंदरासारखं करून ठेवलं होतं. बकुळाचं ब्रीदच होतं, "कात्री लावणारे पुष्कळ आहेत. मी केस राखते. त्याचे पैसे."

दोन हजार सातचा पावसाळा. एका दुपारी माझ्या दारावर धडका बसल्या. दार उघडलं तर बकुळा. उजव्या हाताला ओला टॉवेल गुंडाळलेला, त्यातून लाल पाणी निथळतंय.

"ताई, चल माझ्याबरोबर. एकटीनं जायची छाती नाही."

"कुठे? काय झालं?"

"बिट्टू चावला. ते म्हणतात पिसाळलाय."

मी तिला खुर्चीत बसवलं. साबण लावून हात नळाखाली धरला. पाणी वाहत होतं आणि ती तुटक तुटक सांगत होती. रविवारी तिनं बिट्टूला न्हाऊ घातलं होतं. त्यानंतर तो पाणी पिईना. वाटी पुढे ठेवली की मान खाली नेई आणि किंचाळून मागे सरके. कुणी जवळ गेलं की दात दाखवी. घरात रांगणारी नात, म्हणून सगळे हादरले. जनावरांच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं, घेऊन या. पण घेऊन जायचं कुणी? आज लाजवंतीबाईंनी बकुळाला बोलावलं, तिचं तो ऐकतो म्हणून. तिनं हात पुढे केला आणि त्यानं तो फोडला.

"पाणी पीत नाही, ताई," ती पुन्हा म्हणाली. "पाण्याला भितो."

ती काय सुचवतेय ते मला कळत होतं. लहानपणी आमच्या गावात एक माणूस कुत्रं चावून तसा गेला होता. पाण्याचा तांब्या बघून तो कसा ओरडायचा ते आम्ही मुलांनी खिडकीतून ऐकलं होतं. तो आवाज मी कधीच विसरले नव्हते, आणि त्या क्षणी तो माझ्या स्वयंपाकघरात होता.

आम्ही रिक्षा केली. आधी सरकारी दवाखाना. वाटेत बकुळा एकटक हाताकडे बघत होती. काहीतरी बोलायचं म्हणून मी विचारलं, "तू हात कुठे लावलास त्याला?"

"हनुवटीखाली. नेहमी लावते तिथेच. मान वर करायला."

"मग?"

तिनं डाव्या हातानं स्वतःच्याच हनुवटीखाली चाचपलं. आणि म्हणाली, "तिथे जट होती. दगडासारखी. कानापासून पट्ट्यापर्यंत."

"रविवारी नव्हती?"

"होती. पण मऊ होती. म्हटलं, भिजली की सुटेल. टोपाची सुटते तशी." आणि मग तिचा चेहरा असा झाला, की मी रिक्षाचा दांडा घट्ट धरला. "ताई, टोपाखाली कातडी नसते."

दवाखान्यात रांग होती, पण हात बघून आम्हाला पुढे घेतलं. डॉक्टर तरुण होते. जखम धुऊन सुई देता देता त्यांनी विचारलं, "कुत्रं कुठे आहे?"

"घरातच. पण ते कुत्री पकडणाऱ्यांची गाडी बोलावतायत. उचलून न्यायला."

"अजिबात नाही. बांधून ठेवा, दहा दिवस लक्ष ठेवा. पिसाळलेलं असेल तर तेवढ्यात मरेल, जगलं तर तुम्ही निर्धास्त. त्याला मारलं तर तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही. आणि पुढच्या सुया चुकवायच्या नाहीत."

बाहेर येऊन बकुळा पायरीवर बसली. हलेचना.

"गाडीनं नेला ना त्याला," ती जमिनीकडे बघत म्हणाली, "तर सगळे म्हणतील, पिसाळला होता. माझं नाव कुठे येणार नाही."

तिचा हिशेब मला कळत होता. कॅम्प एकमधली निम्मी घरं लाजवंतीबाईंच्या ओळखीतून मिळालेली. नवऱ्यामागे त्याच पैशांवर बकुळानं मुलगी शिकवली होती.

"आणि जटेमुळे नसेल तर?" मी शेवटी म्हटलं. "खरंच पिसाळला असेल तर?"

"तर मग आपण त्याच्या जबड्यात हात घालायला चाललोय," ती उठत म्हणाली. "तू येऊ नकोस पाहिजे तर. ए रिक्षा! कॅम्प एक!"

मी गेले. शौर्यानं नव्हे. तिथे एकटी उभी राहायला मला जास्त भीती वाटली.

सेठांच्या घरी सगळं कुटुंब आणि दोघंतिघं शेजारी जिन्यात उभे होते. सून नातीला छातीशी धरून. बिट्टूला मागच्या मोरीत कोंडलं होतं आणि बंद दारामागून एक आवाज येत होता. गुरगुरणं म्हणावं तर तसं नाही. कुणीतरी दातओठ खाऊन रडतंय असा.

"गाडीवाला निकल गया है," सेठ म्हणाले. "तू हात दिखा के आई ना? बस, जा अब. घर जा."

बकुळा लाजवंतीबाईंसमोर उभी राहिली. "बाई, तो पिसाळलेला नसेल. माझ्यानं झालंय. गुंता न सोडवता मी त्याला भिजवलं. जट सुकताना आवळली. मान वाकवली की कातडी फाटते त्याची. म्हणून पाणी पीत नाही."

मग लाजवंतीबाईंचा आवाज चढला. "तू तो बोलती थी, मैं कैंची नहीं लगाती! बाल बचाती हूँ! इसी का पैसा लेती थी ना?"

"घेत होते."

"और अब?"

"आता कात्री द्या."

"पागल निकला तो?" सेठ ओरडले.

"तर मला एकदा चावलाच आहे, सेठ. डॉक्टर म्हणाले, मारू नका. गाडीला थोडं थांबायला सांगा."

सेठांनी फोन करून गाडीवाल्याला थांबायला सांगितलं. मग खाली कारखान्यात गेले आणि जाड्या जीन्सच्या कापडाचा गठ्ठा घेऊन आले. तेच कापड बकुळानं माझ्या दोन्ही हातांना खांद्यापर्यंत गुंडाळलं, दोऱ्यांनी आवळलं. माझ्याच, कारण धरायला दुसरं कुणी पुढे आलं नाही. लाजवंतीबाईंनी स्वयंपाकघरातली कात्री आणली.

मोरीचं दार उघडलं. तो कोपऱ्यात होता, पांढऱ्या केसांचा एक ढीग, आणि त्या ढिगात दोन डोळे. बकुळानं जीन्सची घडी त्याच्यावर टाकली, मी वरून मिठी मारली. तो उसळला. कापडातून त्याचे दात माझ्या कोपराला लागले, आत गेले नाहीत, पण लागले. सोडून पळावं असं वाटलं, अगदी पहिल्या प्रवेशाआधी वाटायचं तसं.

"बकुळे, बोल ना त्याला! नेहमीचं बोल!"

तिचे ओठ हलले. आवाज फुटेना. कात्रीची टोकं हवेत थरथरत होती. इतक्या वर्षांत मी तिचा हात कधी हललेला पाहिला नव्हता.

मग मीच बोलले. जो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची सवय, तो आवळून, त्याच्या कानाशी. "मान वर. डोळे मीट. अजून दुसरी घंटा व्हायचीय." पुन्हा. पुन्हा. तो ऐकत होता की नाही कोण जाणे. बकुळा ऐकत होती. तिनं डाव्या हातानं जट पकडली, बोट कातडीला लावलं, आणि बोटावरूनच पहिली कात्री चालवली.

कर्र आवाज आला. तिनं डोळे मिटले आणि उघडले. दुसरी. तिसरी. शेवटी चपलेच्या तळासारखा एक तुकडा तिच्या हातात सुटून आला. वास आला. खाली लाल, ओली, सोललेली कातडी. बकुळा तो तुकडा हातात धरून बसून राहिली.

मी कापड सैल केलं. बिट्टूनं मान हलवली. एका बाजूनं केसाळ, दुसऱ्या बाजूनं बोडका. तो मोरीतल्या बादलीपाशी गेला, थांबला. माझ्या गावातला तो माणूस मला आठवला आणि मी भिंत धरली.

बिट्टूनं मान वाकवली आणि पाणी प्यायला लागला. लप लप लप. थांबेचना. जिन्यातून लाजवंतीबाईंचा हुंदका ऐकू आला.

पण भीती तिथे संपली नाही. ती संपायला दिवस जावे लागतात. जनावरांचे डॉक्टर दुसऱ्या दिवशी येऊन मलम, औषध देऊन गेले, आणि "बघत राहा" एवढंच म्हणाले. बकुळा सुया घेत राहिली. रोज सकाळी ती कॅम्प एकला जायची, फाटकाबाहेर उभी राहायची आणि बिट्टू ओट्यावर आला की माझ्याकडे फोन करायची. "दिसला, ताई." फोनला उशीर झाला की मी चहा गॅसवर तसाच सोडून बसायचे. एका सकाळी फोन आलाच नाही. दुपारी कळलं, एसटीडी बूथचा फोन बंद होता. तोवर मी डोळ्यांपुढे काय काय पाहिलं ते लिहीत नाही.

मुदत सरली. बिट्टू जगला, म्हणजे बकुळा जगली.

चार घरं सुटली तिची. लाजवंतीबाईंनी जिन्यातली गोष्ट कुणाला सांगितली नाही, पण जिन्यात शेजारी होते. लाजवंतीबाईंनी स्वतःही दोन महिने बोलावलं नाही. मग दिवाळीआधी बोलावलं. बकुळा मलाही घेऊन गेली. पिशवीत आता बोथट टोकांची छोटी कात्री होती.

तिनं बिट्टूला ओट्यावर घेतलं आणि पाण्याला हातही न लावता कोरड्या अंगावर बोटं फिरवायला लागली. कानामागे, काखेत, पायांच्या बेचक्यात. जिथे गाठ लागेल तिथे थांबे, सोडवे, नाही सुटली तर कापे. सेठ येरझाऱ्या घालत होते. शेवटी त्यांना राहवलं नाही.

"बाई, सुबह से बैठी है. नहलाएगी कब? और लाजू बोलती है, अब तीन सौ लेगी! आंघोळ तर तीच ना?"

"आंघोळ फुकट, सेठ," बकुळा मान वर न करता म्हणाली. "पैसे हे आत्ता चाललंय त्याचे."

सेठांनी माझ्याकडे पाहिलं, बिट्टूकडे पाहिलं. मग खुर्ची ओढून बसले. लाजवंतीबाईंनी आतून चहा पाठवला.

सगळ्यात शेवटी हनुवटी राहिली. तिथे केस आले होते, आखूड, जरा करडे. बकुळानं हात पुसला आणि पुढे केला. बोटावर दातांची खूण अजून दिसत होती.

"मान वर," ती म्हणाली. बिट्टूनं मान वर केली. "डोळे मीट."

त्यानं मिटले नाहीत. तो तिच्या हाताकडे बघत राहिला. बकुळानं हात तसाच हवेत धरला आणि थांबून राहिली.