नलूताईंच्या खळ्यातले समेट

देवाशपथ, यातला शब्द न् शब्द खरा आहे. म्हणजे एक जागा सोडून. फार तर दीड.

वेंगुर्ल्याच्या नलूताई वकीलच, पण आता कोर्टात जात नाहीत; भांडणाऱ्यांनाच आपल्या खळ्यात, म्हणजे घरापुढच्या अंगणात, बसवून समेट घडवतात. कोर्टात नंतर फक्त मंजुरीपुरतं जायचं. माझं काम चहा देणं आणि कुणाचीच बाजू न घेणं. तिथे बसून बसून किस्से इतके साठलेत की घरी बायको म्हणते, ‘बाहेर जावन सांगा.’

ताईंची रीत अशी, की बोलण्याआधी देवळातल्यासारखं देवाला गाऱ्हाणं घालायचं. त्यांच्या प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी ‘व्हय म्हाराजा’ म्हणायचं.

एकदा दोन भाऊ आले. विहीर सामायिक, बोलणं बंद. ताईंनी गाऱ्हाण्यात हळूच घुसवलं, ‘ह्ये दोगव भाव आळीपाळीन पंप लावतले, म्हाराजा.’

दोघं सवयीने एका सुरात, ‘व्हय म्हाराजा!’

थोरला चपापला. ‘ताईनु, ह्या मी देवाक म्हटलंय. ह्येका नाय.’

धाकटा म्हणाला, ‘मगे आता देवाक फसवतलंस?’

पंप आळीपाळीने चालतो.

ही बातमी फुटली. हद्दीवरच्या फणसासाठी भांडणारे एक काका गाऱ्हाण्याला तोंड घट्ट मिटून बसले. ताई म्हणाल्या, ‘काका, म्हणा.’

‘माजो वकील येयसर मी देवाकडेव काय कबूल करूचंय नाय.’

आणि मग संध्या-महेश. तो मुंबईत नोकरीला, ती वालावलला त्याच्या घरी. मूलबाळ नाही. घटस्फोट दोघांनाही हवा होता. दागिने, भांडी, सगळं हसतखेळत ठरलं. घराला कुलूप लागणार, संध्या माहेरी नांदगावला जाणार. अडलं ते महेशच्या वडिलांवर.

‘अप्पांना मी मुंबईला नेतो,’ महेश म्हणाला. ‘बाप माझा आहे.’

बरोबरच होतं. संध्या खाली बघत राहिली. इतकी वर्षं अप्पांचं सगळं तिनेच केलेलं, पण आता कुठल्या नात्याने बोलणार?

तेवढ्यात अप्पा काठी टेकत उठले. हात जोडले.

‘बा देवा म्हाराजा, ह्या दोघांचा सुखान सुटांदे.’

‘व्हय म्हाराजा!’

‘माजो झील महेश अधनंमधनं भेटाक येवंदे.’

‘व्हय म्हाराजा!’

‘आणि माका संध्येच्या हातची पेज मरासर मेळांदे.’

संध्याने पदर तोंडाला लावला. मग एक आवाज आला, महेशचा. ‘व्हय म्हाराजा.’

सुनेच्या माहेरी नांदायला गेलेला माझ्या माहितीतला हा एकच सासरा.

आता खोटं काय ते सांगतो. पहिला आवाज महेशचा नव्हता. माझा होता. त्याचा दुसरा.