दिवा विझल्यानंतरची पानं

माझं माहेर अकोल्याचं. आमच्या घराला लागून रद्दीचं गोदाम होतं. गोदामवाल्या खाला पुस्तकांचे पुठ्ठे फाडून वेगळे करायच्या, कारण पुठ्ठ्याची रद्दी वेगळी जाते. पुठ्ठ्यासोबत सुरुवातीची आणि शेवटची पानंही निघून यायची. माझी शाळा चौथीत सुटली, पण वाचायची सवय सुटली नाही. लग्न होऊन अमरावतीकडे संत्र्याच्या गावात आले, तरी उन्हाळ्यात माहेराहून निघताना खाला पिशवी भरून द्यायच्या. "ले जा बेटा, ये जादूटोने की किताबें मेरे किस काम की," म्हणायच्या. त्यामुळे मी वाचलेल्या एकाही कादंबरीचं नाव मला माहीत नाही. कोणी लिहिली तेही नाही.

दुपारी सगळे आडवे झाले की मी कांद्याच्या खोलीत बसून वाचायची. चालणारी झाडं, बोलणारे पहाड, ताऱ्यांवर जाणारी माणसं. एकदा सासूबाई सुपात निवडायची डाळ घेऊन तिथंच येऊन बसल्या.

"काय वाचून राहिली वो एवढी? मलेबी सांग."

चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. पण त्या डाळ निवडत खाली मान घालून बसलेल्या, म्हणून सांगू शकले.

"कोन्या गावची गोष्ट हाये?" त्यांनी विचारलं.

"गाव नाई आत्याबाई, तारा हाये. लय दूर."

"तिथं पानी हाये का?"

"नाई."

"मंग दूर काहाले म्हन्तं? आपलंच गाव हाये ते," म्हणून त्या हसल्या.

त्या उन्हाळ्यात ते खरंच होतं. आमच्या बोअरमधून पाण्याऐवजी हवा यायला लागली होती. गावात रोज कोणाच्या ना कोणाच्या वावरात बोअरची मशीन उभी असायची. तिची पांढरी भुकटी संत्र्याच्या पानांवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर बसायची. पुस्तकातल्या ताऱ्यावरही तशीच धूळ होती. वाचताना मान वर केली की मला क्षणभर कळायचं नाही, मी कुठं आहे.

त्या पुस्तकात माणसं पाणी शोधत जमिनीतल्या एका खोल विवरापाशी येतात. त्यांच्यातला एक जण हसत-बोलत दोर धरून खाली उतरतो. अर्ध्यात त्याचं हसणं थांबतं. ओरडणं नाही, धडपड नाही. दोर तेवढा जड होतो. खाली साचलेली हवा जड असते, पाण्यासारखी. तिला रंग नाही, वास नाही. मग बाकीचे दुसऱ्या विवरात आधी जळता दिवा सोडतात. दिवा खाली जातो, बारीक होतो, विझतो. तिथंच पानं संपली होती. पुढची पुठ्ठ्यासोबत गेलेली.

हे मी सासूबाईंना सांगितलं. त्या डाळ पाखडायच्या थांबल्या. "मंग?"

"मंग फाटलं हाये."

त्याच आठवड्यात घरात ठरलं, वावरातली जुनी विहीर उघडायची. बोअर लागल्यापासून ती टिनाचे पत्रे आणि बाभळीच्या काट्या टाकून बंद होती. गाळ काढला तर झरा मोकळा होईल आणि निदान झाडं जगतील, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. मामंजी हो म्हणाले. आत हेच उतरणार होते.

मला जेवण जाईना. खोलीत ह्यांना म्हटलं, "नका उतरू."

"काहून?"

मी पुस्तकातलं सांगितलं. ते इतके हसले की बाहेर मामंजी खाकरले. "तुह्या ताऱ्यावरचे लोक संत्रा लावतात का? नाई ना? मंग त्याईले काय मालूम."

आमच्याकडे विहिरीत पाय घालायच्या आधी बाया जाऊन पाण्यात राहणाऱ्या साती आसरांची पूजा करतात. काठाशी सात दगड मांडायचे, हळदकुंकू लावायचं, नारळ फोडायचा, दिवा लावायचा आणि मागं न पाहता घरी यायचं. मग माणसं उतरतात. सासूबाई आणि मी गेलो. टिनं बाजूला काढलेली होती. खालून गार, कुजल्यासारखा वास येत होता. मी काठावर दिवा ठेवला. ह्यांनी कमरेला दोर बांधला होता. "हां, झालं? चला आता घरी," ते म्हणाले.

मामंजीही तिथंच उभे होते. मी सासूबाईंचा पदर धरला आणि काठावरच्या दिव्याकडे, मग खाली बोट केलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"थांब रे," त्या ह्यांना म्हणाल्या. "दिवा खाली सोड आधी."

"माय, दिवा काठावरच ठुतेत."

"आता ठुतेत. माह्या सासूच्या वक्ताले बादलीत ठिऊन पान्यापर्यंत सोडे. आसराईले उजेड दाखवाले."

"उशीर होऊन राहिला ना!"

"होऊ दे. त्या काई पळून नाई चालल्या."

बादली खाली गेली. ज्योत आधी सरळ होती. मग बारीक झाली आणि गेली.

"वारा असंन," हे म्हणाले. पण एक पान हलत नव्हतं. मामंजींनी झोपडीतला कंदील आणून पेटवला. काचेतल्या ज्योतीला वारा लागत नाही. कंदीलही त्याच खोलीवर विझला.

ह्यांचा हात कमरेच्या दोरावर तसाच राहिला. मामंजींनी डोक्यावरची टोपी काढली. "आसरा उतरू नका म्हन्तेत," ते म्हणाले आणि टिनं उचलायला लागले.

मला सांगायचं होतं की ही हवा आहे, आसरा नाहीत. पण हवेचं काय करायचं, हे मला तरी कुठं माहीत होतं? वाटेत सासूबाईंनी हळूच विचारलं, "दिवा इझल्यावर त्या लोकाईनं काय केलं असंन वो?"

पुढच्या वेळी अकोल्याला गेले तेव्हा खालांना त्या पुस्तकाची राहिलेली पानं विचारली. त्या म्हणाल्या, "अरे बेटा, वो तो मिल में कब का गल गया."

बरीच झाडं पावसाळ्यापर्यंत टिकली नाहीत. अर्धी बाग तोडली. ती लाकडं आम्ही दोघींनीच चुलीत घातली.

नंतर दोन-तीन वर्षं बरी गेली. यंदा पुन्हा बोअरमधून हवा येते आहे. काल जेवताना हे ताटाकडे पाहत म्हणाले, "आसराईले एकडाव पुन्हा इचारून पाहू. आता राग गेला असंन." सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. मामंजी आता नाहीत. त्यांचा कंदील मी खुंटीवर टांगून ठेवला आहे. त्यात घासलेट आहे की नाही, ते मी रोज पाहते.