चिकटवलेले आकडे

माझा मामा बोटीवर होता. त्याच्या आवाजाची ख्याती अशी, की तो सुट्टीवर आला की वाडीत नारळ पाडायला कोणी माणूस बोलवत नसे. मामाला शिंक येण्याची वाट बघत. मी तेव्हा कट्टा गावच्या बाजारातल्या कापड दुकानात नोकरी करणारा, मिशी राखलेला बाप्या. पण मामाने हाक मारली की मिशीसकट लहान व्हायचो.

ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत तो जपानच्या बंदरांतून प्लास्टिकची अंतराळयानं आणी. पेटीत सुटे भाग. ते जोडायचे, रंगवायचे आणि शेवटी वर आकडे, निशाण्या. यान वीतभर, आकडा मुंगीएवढा. त्यासाठी पेटीत एक कागद असे. त्यावरचे छापील आकडे पाण्यात भिजवले की सुटतात, मग यानावर सरकवून बसवायचे. मामा तो कागद सरळ चुलीत घाली.

"होडयेचा नाव कोण चिकटवता रे? होडी म्हणजे काय लोणच्याची बरणी? नाव रंगवचा आसता!"

आणि चार केसांच्या ब्रशने तो आकडे काढी. त्याने मनावर घेतलं असतं तर तांदळाच्या दाण्यावर अख्खी लग्नपत्रिका लिहून वर आहेर न आणण्याची विनंतीही बसवली असती.

म्हणून त्या दुपारी त्याने तो कागद माझ्यापुढे ठेवला तेव्हा मला दरदरून घाम फुटला.

"तू चिकटव. एकच कागद आसा. फाटलो तर तुकाच भिजत घालतलंय."

मामीने वाडग्यात पाणी आणून दिलं. पहिला आकडा भिजवला, तर सुटेना. जरा ढकलला, तर त्याची सुरळी झाली आणि बोटाला चिकटून बसली. पाणी कोमट होतं, गढूळही.

"मामी, ह्या पाणी कसला?"

"पेजेवरचा! चिकटाक नको? आमी पतंग भातानच चिकटवतो ना?"

मी डोळे मिटले. आता कौलं उडणार. पण मामा गप्प. मामी चांगलं पाणी आणायला विहिरीवर गेली तरी गप्प. वादळाआधी समुद्र असाच शांत पडतो, म्हणून मी अधिकच घाबरलो.

"मामा, हो एक आकडो तुमीच रंगवा," मी लाचारीने म्हणालो. "तुमका काय, हातचो मळ."

त्याने ब्रशकडे पाहिलं. उचलला. रंगात बुडवला. टोक यानाच्या पंखाजवळ आलं आणि जाळ्यातल्या पेडवे मासळीसारखं उडायला लागलं. त्याने डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. मग दोन्ही हात थरथरले.

मी ब्रश त्याच्या बोटांतून काढून घेतला.

"कधीपासून?"

"गेल्या सफरीपासून." इतक्या हळू, की मला पुढे वाकावं लागलं. ह्या माणसाचा एवढा लहान आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. "फुडल्या म्हयन्यात मुंबैक कंपनीचो डाक्टर तपासतलो. हात फुडे करूक सांगता तो. बघितल्यान की संपला. माका बोटीर घेवचे नाय."

"मामीक म्हायती आसा?"

त्याने मान हलवली. नाही.

तेवढ्यात मामी कळशी घेऊन आली. मामाने हात लुंगीच्या घडीत लपवला.

"वाचा बसली काय रे दोघांची?"

"ह्याका सांगी होतंय," मामा एकदम गरजला, "रंगापेक्षा चिकटवलेला बरा! एकसारखा दिसता!"

"शिरा पडली तुझ्या तोंडार! कालपावेतो कागद जाळी होतास!" मामी हसत आत गेली.

मी हसलो नाही. दुसरा आकडा स्वच्छ पाण्यात टाकला. तो अलगद सुटला, मी बोटाच्या टोकावर उचलून घेतला. मामा यानाकडे बघत होता, माझ्याकडे नाही.

"माझ्यावांगडा मुंबैक येशीत?"

मी हो म्हटलं. आकडा ओला होता, पंख समोर होता, आणि माझं बोट काही केल्या स्थिर होईना.